पोटोबा, विठोबा आणि वजनकाटा

दिवाळी अंकात वजन उतरवण्यावर लेख लिहिणे म्हणजे लग्नाच्या मांडवात वैराग्याचे कीर्तन लावण्यासारखे आहे. एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली, अशा थाटात वाचक बसलेले असणार हे मला ठाऊक आहे. तेव्हा पहिल्याच परिच्छेदात अभय देऊन टाकतो: चकली खाली ठेवायची नाही. ती सावकाश, चवीने खावी आणि मग पुढे वाचावे. कारण माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याला खाण्याची खरी आवड आहे त्याच्याजवळच वजन उतरवण्याचे सर्वांत सबळ कारण असते. फक्त ते त्याला कुणी सांगत नाही. त्याला सांगतात ते, 'जीभ आवरा' एवढेच.

मी डॉक्टर नव्हे, आहारतज्ज्ञही नव्हे. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस गळीत हंगाम काढलेला मी एक निवृत्त कारकून आहे. उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आधी भरलेल्या तोलायच्या, ऊस उतरला की रिकाम्या तोलायच्या आणि मधल्या फरकाची पावती फाडायची, यात माझा जन्म गेला. दुसऱ्यांची वजने लिहिता लिहिता माझे स्वतःचे वजन ८४ किलोंवर जाऊन बसले होते. उंची पाच फूट सहा इंच. आमच्या मंडळींच्या शब्दांत सांगायचे तर, "गाडी भरलेलीच राह्यली, उतरायची विसरली."

गोडाचा मुलूख

आमच्या भागाविषयी बाहेरच्यांची अशी समजूत असते की, इथे पहिल्यापासून उसाचे मळे डोलत होते. खरी गोष्ट निराळी आहे. बारामती आणि इंदापूर हे मूळचे अवर्षणाचे तालुके. ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी ही इथली पिके. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या काठाकाठाने ऊस आला. पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखान्यांची धुराडी दिसू लागली. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले आणि भिगवणपासून इंदापूरपर्यंत पाणीच पाणी झाले. पण कालव्यापासून दूरची जिरायती गावे पुष्कळ वर्षे कोरडीच राहिली.

१९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. घरची मोठी माणसे खडी फोडायला जात. आम्हा पोरांच्या वाटणीला सुकडी येई आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी येई. ती भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी मागून घेऊन खाल्लेली आहे. ज्या आईने त्या वर्षी स्वतः अर्धपोटी राहून आम्हाला वाढले, ती पुढे घरात पोत्याने धान्य आल्यावरही "आणखी घे रे, पुढचं कुणी बघितलंय?" म्हणून ताटात भाकरी टाकीतच राहिली. आमच्याकडे अंगाने भरलेल्या माणसाला 'खात्यापित्या घरचा' म्हणतात, ते उगीच नाही. तो शब्द दुष्काळाने शिकवलेला आहे.

नवल असे की, ही दुष्काळाची आठवण केवळ मनातच नाही, ती अंगातही मुरलेली असावी असे शास्त्रज्ञ म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधली बाळे ३.५ किलोंची. आपली बाळे हडकुळी खरी, पण तपासून पाहता त्यांचे स्नायू फार कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबी धरून ठेवणारी. पिढ्यान् पिढ्या पोटाला चिमटा बसलेले शरीर संधी मिळताच साठवण करते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

याच डॉक्टरांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि आपल्या युडकिन नावाच्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा साहेबाची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! काट्यावर उभी आयुष्ये काढलेल्या मला हा प्रकार लगेच समजला. दोन गाड्या सारख्याच वजनाच्या. एकीत ऊस, दुसरीत पाचट. म्हणून आपल्याकडचे तज्ज्ञ बीएमआय २३ च्या वर गेला की सावध करतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. तेव्हा हा प्रश्न शहरातल्या चार शेठजींचा राहिलेला नाही.

दादांचे ताट

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते या पंचक्रोशीतले नावाजलेले जेवणारे. जत्रेत त्यांच्या पंगतीला बसणे हा एक सोहळा असे. ते अधाशी नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांना चव कळे. आमटीचा पहिला भुरका घेऊन मसाला कुणी वाटला हे ते ओळखीत. भिगवणला धरणाच्या कडेला ताजी चिलापी कुठे चांगली मिळते, वांगी कुणाच्या मळ्यातली घ्यावीत, गूळ कोणत्या गुऱ्हाळाचा, हे सारे त्यांच्या जिभेवर लिहिलेले.

त्यांना मधुमेह जडला. पायाला जखम झाली, ती चिघळली, आधी बोटे गेली आणि नंतर गुडघ्याखालचा पाय गेला. त्या वर्षीच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेलो. पोरे अंगणात फटाके उडवीत होती. वहिनींनी माझ्यापुढे फराळाचे ताट ठेवले आणि दादांपुढे वाटीत मोजून काहीतरी पांढरे ठेवले. दादांनी त्या वाटीकडे पाहिले, माझ्या ताटाकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "अरे, जीभ आहे, भूक आहे, दातसुद्धा शाबूत आहेत. पण ताट आता दुसऱ्याच्या हातात गेलंय."

त्या दिवशीचा माझा लाडू तसाच राहिला. पण मला वजन उतरवण्याचे कारण मिळाले, ते असे. आजवर जे जे भेटले त्यांनी मला मरणाची भीती घातली होती, आणि साठी उलटलेल्या माणसाला मरणाची भीती फारशी बाधत नाही. काहींनी पोटावरून थट्टा केली होती, तिची तर सवयच झालेली. दादांनी मला निराळीच भीती दाखवली. मी जगेन, पण माझे ताट माझ्या हातात राहणार नाही! खाण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती?

आठवड्याच्या आत मी तपासणी करून घेतली. उपाशीपोटीची साखर ११७ निघाली. शंभराच्या आत हवी, १२६ पासून पुढे मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा. कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. डॉक्टरांनी एक दिलासा दिला. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, अशाच उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन सुमारे सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे ध्येय ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासातही आपल्या लोकांत आहार-व्यायामाने ते २८.५ टक्क्यांनी कमी झाले. सात टक्के म्हणजे माझ्या बाबतीत सहा किलो. चित्रपटातल्या नटासारखे व्हायचे नव्हते. सहा किलो उतरवायचे होते.

दोन पंथ

गावात ही बातमी फुटताच सल्लागारांची रीघ लागली. महाराष्ट्रात सध्या या बाबतीत दोन मोठे पंथ आहेत. एक पंथ डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधाराने ते सांगतात की, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि एरवी तोंड बंद ठेवा. दुसरा पंथ ऋजुता दिवेकरांचा. २००९ साली गाजलेल्या त्यांच्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला आहे. आणि आपल्या मातीतले, आजीच्या हातचे, तूप घालून निर्धास्त खा, असे त्या आवर्जून सांगतात. आमच्या पारावर या दोन्ही पंथांचे अनुयायी आहेत, आणि त्यांचे वाद ऐकले म्हणजे शैव-वैष्णवांची आठवण होते.

मी दोघांचेही ऐकले आणि काट्यावरच्या कारकुनाच्या सवयीने दोन्हींत समान काय, ते शोधले. दोन्हीकडे येता-जाता नकळत तोंडात पडणाऱ्या गोष्टींना जागा नाही. दोन्हीकडे पाकिटातल्या बिस्किट-फरसाणाची सद्दी संपते. आणि दोन्हीकडे माणूस आपल्या खाण्याकडे लक्ष देऊ लागतो. ज्याला जो रस्ता आनंदाने चालवेल त्याने तो धरावा. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकाएकी उतरली तर जिवावर बेतते.

एक तिसरा पंथही आहे, नुसत्या उपासमारीचा. 'महिनाभर काकडी आणि ताक,' असे सांगणारा. त्या पंथाबद्दल एक हकीकत वाचण्यासारखी आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे निम्म्या आहारावर ठेवले. युद्धानंतर उपासमारीतल्या लोकांना कसे सावरावे हे त्याला शोधायचे होते. त्या तरुणांची वजने उतरली, पण त्यांच्या डोक्यात दुसरा विषयच उरला नाही. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातले चार घास तासन् तास चिवडीत बसू लागले, स्वप्नातही जेवू लागले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जिभेला कोंडून घातले की ती साधू होत नाही, ती दरोडेखोर होते.

२०२५ साली वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शने भारतात विक्रीला आली. ती भूक कमी करतात. ज्यांचे वजन खरोखरच जिवावर उठले आहे त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. पण माझा प्रश्न वेगळा होता. मला भूक घालवायची नव्हती. मला ती जपायची होती.

"चहा नको वहिनी, जेवायलाच येतो"

आमच्या भागात वजनाचा खरा चोर जेवणात नाही, चहात आहे. कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर मिळते, ती पोत्याने घरी येते, आणि घरात आलेली साखर पाहुण्याच्या कपातून बाहेर जाते. माझी मोजदाद केली: दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर साठ ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, दिवसाची वरून घातलेली साखर शक्य तर पंचवीस ग्रॅमांच्या आसपास ठेवावी. आणि या सहा कपांपैकी चवीने प्यालेले किती? फार तर दोन. सकाळी उठल्यावरचा आणि चार वाजताचा. बाकीचे चार केवळ नाही म्हणता येत नाही म्हणून.

नाही म्हणणे ही आमच्याकडे एक बिकट कला आहे. "डॉक्टरांनी बंद केलाय" म्हणावे, तर "अवं, एवढ्याशा च्यानं काय हुतंय?" असे उत्तर येते. "आत्ताच घेतला" म्हणावे, तर "मग दूध घ्या." "उपास आहे" म्हणावे, तर अर्ध्या तासात साबुदाण्याची खिचडी पुढे येते! शेवटी आमच्या मंडळींनीच तोड काढली. "त्यांना म्हणा, चहा नको वहिनी, एक दिवस जेवायलाच येतो." हा मंत्र अचूक लागू पडला. चहाला नाही म्हटल्याचा राग येण्याऐवजी घरधनीण खूश होते, आणि मला खरोखर हवे ते मिळते. अशी कित्येक जेवणे माझी येणे आहेत. चार कप सुटले आणि त्याबदली महिन्यातून एखाद्या घरी हुलग्याचे माडगे, कुठे येसराची आमटी, कुठे नुसतेच पिठले-भाकरी आणि खर्डा, असे सुग्रास जेवण मिळू लागले. उरलेले दोन कप मात्र मी आले घालून, एकच चमचा साखर टाकून, खुर्चीवर बसून पितो. त्यांची लज्जत दुप्पट झाली आहे.

कागदावर हिशेब करून पाहिला. रोजच्या दोनशे कॅलरी वाचल्या, तर वर्षाच्या ७३ हजार. एक किलो चरबीला सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे वर्षाला नऊ किलो! प्रत्यक्षात तेवढे होत नाही. वजन उतरू लागले की शरीरही आपला खर्च आवरते घेते. पण निम्मे झाले तरी जेवणातला एक घास न सोडता झालेले ते काम आहे.

पहिला घास

दुसरी गोष्ट मी पंगतीत शिकलो. कोणत्याही पदार्थाची खरी गोडी पहिल्या चार-पाच घासांत असते. पुढे तोच पदार्थ जिभेला सपाट लागू लागतो. शास्त्रज्ञांनीही हे प्रयोग करून दाखवले आहे. तोच पदार्थ कंटाळवाणा होतो, पण नवा पदार्थ आला की पोट भरलेले असूनही हात पुढे सरकतो. म्हणूनच लग्नात मसालेभातानंतर जिलेबीला जागा सापडते.

हे एकदा ध्यानात आल्यावर मी उपाय उलटा केला. पुरणपोळीच्या दिवशी आधी भजी, भात, कटाची आमटी यांवर भूक घालवायची आणि मग तुंबलेल्या पोटावर तीन पोळ्या रचायच्या, हा पुरणपोळीचा अपमान आहे. मी भूक कडकडून लागलेली असताना पहिल्यांदा पोळीच घेतो. एक, तुपाची धार सोडून. शक्य तितकी सावकाश. मग कटाची आमटी वाटीभर, कोशिंबीर, आणि त्या दिवशी भाताला सुट्टी. एरवीच्या दिवशी मात्र आधी मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा-मुळा, आणि मग भाकरी. भाकरीला जोडीला डाळ आणि भाजी भरपूर असली की दुसऱ्या भाकरीची आठवण उशिराने येते. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात; घाईने जेवणारा तेवढ्यात आणखी एक भाकरी मारून मोकळा होतो.

शेंगदाण्याची चटणी मी सोडलेली नाही. पण बारामतीच्या बाजारातून येताना पिशवीतले खारे दाणे चालता चालता संपायचे, ते बंद. जेवताना मोबाइल बंद. उभ्याने खाणे बंद. आमच्या मंडळींचा एकच कायदा आहे: "जे खायचं ते ताटात घ्या, पाट मांडून बसा, आणि काय खाल्लं ते मला सांगता आलं पाहिजे." भिगवणला माशाचा रस्सा खायला अजूनही जातो. पूर्वी तळलेल्या तुकड्यांची दुसरी थाळी येई. आता एक भाकरी, रस्सा आणि एक तुकडा. दादांसाठी डबा बांधून आणतो. मासा त्यांना चालतो. तो डबा उघडताना त्यांचा चेहरा पाहावा.

बारामती ते इंदापूर

तरीही मनुष्यस्वभाव असा की, केवळ न खाण्याच्या गोष्टीवर तो फार दिवस टिकत नाही. त्याला कुठेतरी जायचे असावे लागते. आमच्या भागात हा धडा दर वर्षी आषाढात दारावरून जातो. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा देहूहून निघतो आणि बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला येतो. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला घोड्यांचे. बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर.

वारकऱ्यांकडे नीट पाहा. साठ-सत्तरीच्या बाया डोईवर तुळस घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात. वाटेत गावोगाव त्यांना पोहे, शिरा, भाकरी-पिठले, केळी वाढली जातात, आणि त्या ते आनंदाने खातात. त्यांच्यातली एकही बाई वजन उतरवायला निघालेली नाही. तिला विठोबाला भेटायचे आहे, म्हणून पाय चालतात. आमच्यात 'आधी पोटोबा, मग विठोबा' असे म्हणतात. मला वाटते, विठोबा समोर असला की पोटोबाही आपली पायरी ओळखून राहतो.

माझे विठ्ठल जरा जवळचे ठेवले. ठरवले की, पुढच्या आषाढात बारामती ते इंदापूर आमच्या मंडळींबरोबर चालायचे. त्या दर वर्षी जातात. मी आजवर पंगतीत वाढायला उभा असे. तयारी म्हणून कालव्याच्या भरावावरून रोज पहाटे चालू लागलो. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटे, पुढे चाळीस. खरे सांगायचे तर नुसत्या चालण्याने वजन फारसे उतरत नाही. माझ्या अंगाच्या माणसाला एक किलोमीटर चालायला साधारण साठ कॅलरी लागतात. बेसनाच्या एका लाडवाचे तीन किलोमीटर होतात. पण चालण्याने साखर आवरते, झोप लागते, आणि मुख्य म्हणजे न्याहारीला खरी भूक लागते. भुकेसारखे कालवण नाही, हे आईचे वाक्य मला साठीनंतर कळले.

काटा मी रविवारी एकदाच पाहतो. रोज पाहू नये. ऊस रोज वाढतो, पण शेतकरी रोज तोडून तोलत नाही. वजन पाण्या-मिठाने किलोभर इकडेतिकडे होते आणि उगीच मन खट्टू होते. महिन्यातून एकदा मंडळींच्या शिवणाच्या टेपने कंबर मोजतो. चौदा महिन्यांत ८४ चे ७७ झाले, १०२ सेंटिमीटरचे ९३. घेर अजून मर्यादेच्या बाहेर आहे, पण उपाशीपोटीची साखर ९८ वर आली. आणि आषाढात तीन दिवसांत इंदापूर गाठले. निमगावला एका घरच्या ओसरीवर ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि कांदा मिळाला. तसे जेवण मी पंचतारांकित पंगतीतही जेवलेलो नाही.

फराळाचे ताट

आता वाचकांच्या हातातल्या चकलीकडे. दिवाळीत चार दिवस वजन उतरवण्याचा नाद सोडावा. ते आहे तिथे राहिले तरी पुष्कळ. फक्त तीन गोष्टी कराव्यात. पहिली, फराळाचे डबे हाताशी ठेवू नयेत, फळीवर ठेवावेत. दुसरी, दिवसातून एकदा ताट मांडावे. त्यात एक लाडू, एक करंजी, दोन चकल्या, मूठभर चिवडा असे सगळे घ्यावे, पण बसून आणि ज्याने केले त्याच्या नावाने खावे. अनारसे कुणाचे बिघडले, कुणाचे जमले याची चर्चा करावी. तिसरी, सर्वांत आवडता पदार्थ पहिल्यांदा खावा. जो पदार्थ केवळ समोर आहे म्हणून खातो आहोत असे वाटेल, तो शेजारच्या पोराला द्यावा. त्याला पचतो.

आणि घरात दादांसारखे कुणी असेल, तर त्यांच्यापुढे वेगळी वाटी ठेवू नका. त्यांना चालेल असे दोन पदार्थ सगळ्यांच्याच ताटात करा. आमच्याकडे यंदा भाजक्या हरभऱ्याची चटकदार भेळ आणि ज्वारीच्या लाह्यांचा, कमी तेलाचा चिवडा होणार आहे. फर्माईश दादांची, फोडणी वहिनींची. दादा म्हणाले आहेत की, मीठ ते स्वतः पाहणार.

तात्पर्य, वजन उतरवायचे ते ताटाशी वैर म्हणून नव्हे. ते ताट आपल्या हाती, आपल्या पाटावर, आपल्या माणसांच्या पंगतीत आणखी वीस वर्षे राहावे म्हणून. सर्व वाचकांना दिवाळी गोड जावो. चहात मात्र एकच चमचा.